तडा गेलेल्या घंटेच्या शहरात

मुलांनो, तुमच्या शाळेतली घंटा कसली आहे? पितळेची? आमच्या शाळेत व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. त्यावर लोखंडी दांडक्याने ठोका मारला की 'टण्ण' असा आवाज होतो आणि तो थेट ओढ्यापलीकडच्या वस्तीपर्यंत जातो. उशीर झालेली मुलं मग दप्तर सावरत धूम पळत येतात!

आज मी तुम्हाला अशा एका घंटेची गोष्ट सांगणार आहे, जी वाजतच नाही. तरीही ती बघायला जगभरातून माणसं येतात, रांगेत उभी राहतात. ही घंटा आहे अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात. पण तिच्यापर्यंत मी कशी पोचले ते आधी सांगायला हवं. कारण मला तिथे नेलं ते माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या प्रश्नाने.

शेवटच्या बाकावरचा प्रश्न

२०१९ चा एप्रिल महिना होता. सकाळची शाळा. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, म्हणून मी चौथीच्या वर्गात जोतीरावांविषयी सांगत होते. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि ते कोणाला अर्पण केलं ठाऊक आहे? अमेरिकेतल्या लोकांना! तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी ज्या सज्जनांनी त्याग केला, त्यांच्याबद्दल आदर म्हणून. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता गिरवावा, अशी जोतीरावांची इच्छा होती.

एवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "बाई, पण त्या गुलामांना गुलाम केलं कोणी?"

"तिथल्याच लोकांनी." मी म्हटलं.

"मग ज्यांनी कोंडलं त्यांनीच दार उघडलं. त्यात शाबासकी कशाची?"

सगळा वर्ग हसला. मला मात्र हसू येईना. प्रश्न बिनतोड होता आणि उत्तर मला येत नव्हतं. मी शिक्षक मंडळी करतात तेच केलं. म्हटलं, "पुढच्या तासाला सांगते हं." मग वार्षिक परीक्षा आली, निकाल लागला, सुट्टी लागली. तो 'पुढचा तास' काही उजाडला नाही. आमची शाळा चौथीपर्यंतच. तो मुलगा दाखला घेऊन शेजारच्या गावच्या हायस्कुलात गेला. जाताना माझ्या पाया पडला, तेव्हा मला फार खजील वाटलं.

त्याच मे महिन्यात माझ्या दादाने मला अमेरिकेला बोलावलं. दादा एका औषधांच्या कंपनीत आहे आणि फिलाडेल्फियाजवळ राहतो. तिकीट त्यानेच पाठवलं. नाहीतर प्राथमिक शिक्षिकेला अमेरिकेची वारी कुठली जमायला! दादाची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेव्हा बारा वर्षांची होती. घरात तिला सगळे चिऊ म्हणतात. तिकडे मे महिन्यात शाळा चालू असतात, म्हणून आम्ही दोघींनी शनिवार धरले आणि शहर पायी पालथं घातलं.

वाजत नाही ती घंटा

विल्यम पेन नावाच्या माणसाने १६८२ साली हे शहर वसवलं. फिलाडेल्फिया या ग्रीक नावाचा अर्थ बंधुप्रेम. पेन क्वेकर पंथाचा. इंग्लंडमध्ये या पंथाच्या लोकांना त्यांच्या श्रद्धेपायी तुरुंगात टाकत. म्हणून त्याने ठरवलं, की आपल्या वसाहतीत ज्याला जसा देव मानायचा तसा मानू द्यायचा.

शहराच्या जुन्या भागात एका काचेच्या दालनात ती घंटा आहे. स्वातंत्र्य घंटा! वजन सुमारे साडेनऊशे किलो. तांब्या-कथलाची, काळपट रंगाची. आणि तिच्या अंगावर खालपासून वर गेलेला हा एवढा मोठा तडा!

या घंटेचं नशीबच तसलं. लंडनहून ती मागवली. १७५२ साली जहाजातून आली आणि वाजवून बघताना पहिल्याच दणक्यात फुटली! मग इथल्या दोन कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली. आवाज बरा येईना म्हणून आणखी एकदा ओतली. पुढे पुष्कळ वर्षं ती वाजली आणि नंतर तिला पुन्हा बारीक चीर गेली.

तिथे टोपीवाल्या सरकारी मार्गदर्शक बाई उभ्या होत्या. मी चिऊला म्हटलं, "विचार बरं, एवढा मोठा तडा गेला कसा?"

"तूच विचार ना आत्या, तू टीचर आहेस!"

मग मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. त्या बाईंनी जे सांगितलं त्याने मी चाटच पडले. आपल्याला दिसतो तो रुंद तडा नव्हेच, ती दुरुस्ती आहे! बारीक चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासून आवाज बिघडत होता. म्हणून १८४६ साली कारागिरांनी ती चीर मुद्दाम कोरून रुंद केली. त्याच फेब्रुवारीत जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीला घंटा वाजवली, तेव्हा दुसरीच एक चीर वर धावत गेली आणि घंटा कायमची मुकी झाली.

घंटेवर बायबलमधलं एक वचन कोरलेलं आहे. देशभर, सर्व रहिवाशांना स्वातंत्र्याची द्वाही द्या, असा त्याचा भावार्थ. तिला 'स्वातंत्र्य घंटा' हे नाव मात्र बऱ्याच उशिरा मिळालं, १८३० च्या दशकात. दिलं कोणी? गुलामगिरी बंद करा म्हणून चळवळ करणाऱ्यांनी! ते म्हणत, 'सर्व रहिवाशांना' असं घंटेवर लिहिलंय ना? मग गुलाम हे रहिवासी नाहीत काय?

मला शेवटच्या बाकावरचा आवाज आठवला.

एका खोलीत दोन कागद

रस्ता ओलांडला की समोर लाल विटांची, उंच मनोऱ्याची इमारत दिसते. हे स्वातंत्र्य भवन. आतली मुख्य खोली फार मोठी नाही. हिरव्या कापडाने झाकलेली टेबलं, साध्या खुर्च्या, शाईच्या दौती. पण याच खोलीत ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर केला आणि इंग्लंडच्या राजाला रामराम ठोकला. २०२६ च्या ४ जुलैला त्या घटनेची अडीचशे वर्षं पुरी होतात. सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत, असं त्या जाहीरनाम्यात म्हटलं आहे.

तो लिहिला थॉमस जेफरसनने, इथून जवळच भाड्याच्या खोलीत बसून. आता पुढचं नीट ऐका हं. तो समानतेवर लिहीत होता तेव्हा त्याच्या सेवेला रॉबर्ट हेमिंग्ज नावाचा चौदा वर्षांचा मुलगा होता. तुमच्या ताई-दादांच्या वयाचा. तो जेफरसनचा गुलाम होता! जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारा एक परिच्छेदही होता. प्रतिनिधींनी तो गाळून टाकला.

अकरा वर्षांनी, १७८७ च्या उन्हाळ्यात, याच खोलीत अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. बाहेर बातमी फुटू नये म्हणून खिडक्या बंद. उकाडा तर असा, की विचारू नका. वाद झडले, रुसवेफुगवे झाले. एक मोठा वाद होता माणसं मोजण्याचा. ज्या राज्यात माणसं जास्त, त्याचे प्रतिनिधी जास्त. मग गुलामांना मोजायचं की नाही? गुलामांचे मालक म्हणाले, मोजा. म्हणजे आमच्या जागा वाढतील. गुलामांना मत मात्र द्यायचं नाही! शेवटी तडजोड झाली. पाच गुलाम असतील तर तीन माणसं धरायची.

"म्हणजे थ्री-फिफ्थ्स." चिऊ पुटपुटली. "आत्या, धिस इज सो अनफेअर."

मी वर्गात अपूर्णांक शिकवते तेव्हा भाकरीचे भाग करते, पेरूचे करते. तीन पंचमांश माणूस! त्या खोलीत उभी असताना मला ते गणित काही केल्या गिळवेना.

समोरच वॉशिंग्टनची खुर्ची आहे. तिच्या पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला आहे. सह्या होत असताना म्हातारा बेंजामिन फ्रँकलिन म्हणाला होता, की हा सूर्य उगवतोय की मावळतोय हे मला इतके दिवस कळत नव्हतं. आता कळलं, हा उगवता सूर्य आहे.

"पण सगळ्यांसाठी नाही." चिऊ म्हणाली.

निसटून गेलेली ओना

घंटेच्या दालनाला लागूनच एक मोकळी जागा आहे. इथे राष्ट्राध्यक्षांचं घर होतं. १७९० ते १८०० या काळात फिलाडेल्फिया अमेरिकेची राजधानी होती आणि वॉशिंग्टन इथे राहायचा. त्याच्याबरोबर नऊ गुलामही राहत. आम्ही गेलो तेव्हा तिथल्या भिंतीवर त्या नऊ जणांची नावं कोरलेली पाहिली. सोबत त्यांची हकिगत सांगणारे फलकही होते.

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला, तर त्याला स्वातंत्र्य मागता येई. मग वॉशिंग्टनने काय करावं? सहा महिने पुरे व्हायच्या आत तो गुलामांना राज्याच्या हद्दीबाहेर पाठवायचा आणि परत आणायचा. आपल्या लाडक्या नायकाबद्दल असं वाचणं चिऊला जड गेलं. तिच्या शाळेत त्याचं मोठं चित्र आहे ना!

त्या नऊ जणांत ओना जज नावाची तरुण मुलगी होती. मालकीणबाई आपल्याला नातीच्या लग्नात भेट म्हणून देणार, हे तिच्या कानावर आलं. २१ मे १७९६ ला घरची मंडळी जेवायला बसली असताना ओना हळूच बाहेर पडली. जहाजाने दूर न्यू हॅम्पशायरला पोचली. वर्तमानपत्रात जाहिरात आली, इनाम लागलं, माणसं पाठवली गेली. पण ती हाती लागली नाही. पुढे तिला गरिबीचे फार हाल सोसावे लागले. म्हातारपणी कोणी विचारलं, पळालीस याचा पश्चात्ताप होतो का? ती म्हणाली, नाही, कारण मी स्वतंत्र आहे. १८४८ साली ती वारली. आणि हेही सांगायला हवं, की वॉशिंग्टनने आपल्या मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या गुलामांच्या मुक्ततेची तरतूद केली. ओना मात्र त्याच्या बायकोकडच्या इस्टेटीतली, त्यामुळे त्या कागदाने ती कधीच मोकळी झाली नसती.

बराच वेळ आम्ही दोघी बाकावर गप्प बसलो. मग चिऊने मला विचारलं, "आत्या, इंडियात असं नव्हतं ना? तिकडे सगळे सेम होते?"

मुलांनो, खरं सांगते, 'होते' म्हणून टाकायचं अगदी तोंडावर आलं होतं. परदेशात आपल्या घरची लाज कशाला काढायची? पण ओनाचं नाव समोर भिंतीवर होतं. मग मी सांगितलं. आमच्या गावात माझ्या आजीच्या काळी पाणवठे दोन होते. काही माणसांच्या सावलीचासुद्धा विटाळ मानायचे. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आणि १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते साधं पाणी प्यायला.

"साधं पाणी?" चिऊचे डोळे मोठे झाले.

"हो. साधं पाणी."

फुशारकी मारली तर दंड!

दुसऱ्या शनिवारी आम्ही फ्रँकलिनचं घर पाहायला गेलो. घर आता नाही. ते १८१२ साली पाडलं. त्याच्या जागी घराच्या आकाराचा नुसता पोलादी सांगाडा उभा केलाय. चिऊ म्हणते, भुताचं घर!

हा फ्रँकलिन म्हणजे एक अजब माणूस. सतरा भावंडांतला पंधरावा. शाळा फक्त दोन वर्षं. सतराव्या वर्षी घरातून पळून फिलाडेल्फियाला आला आणि छापखान्यात काम करू लागला. १७५२ साली त्याने वादळात पतंग उडवून आकाशातली वीज आणि यंत्रातली वीज एकच, हे दाखवलं. (कृपा करून हा प्रयोग करून बघू नका! तसल्या प्रयोगात जीव गेलेले आहेत.) उंच इमारतींवर तडितरक्षक बसवतात, ती युक्तीही त्याचीच. तिचं पेटंट त्याने घेतलं नाही. त्याच्या नावाचं मोठं विज्ञान संग्रहालय शहरात आहे. तिथे माणसाचं दोन मजली हृदय बांधलंय. त्यात शिरून रक्ताच्या वाटेने चालायचं. भोवती 'धक्-धक्' चालू! चिऊ तीनदा फिरली. मीसुद्धा दोनदा, हं!

पण मला सगळ्यांत आवडला तो त्याचा शुक्रवारचा कट्टा. १७२७ साली, एकविसाव्या वर्षी, त्याने मित्रांचं एक मंडळ काढलं. त्याचं नाव जंटो. मित्र कोण? कोणी काचकाम करणारा, कोणी सुतार, कोणी कारकून, कोणी जमीन मोजणारा. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचं. प्रत्येकाने पाळीपाळीने राजकारणावर, नीतीवर किंवा विज्ञानावर प्रश्न आणायचा आणि सगळ्यांनी त्यावर बोलायचं. वाद जिंकण्यासाठी घालायचा नाही, खरं काय ते शोधण्यासाठी घालायचा. 'माझंच खरं' असं कोणी ठासून बोललं, की त्याला थोडा दंड! या गप्पांतूनच १७३१ साली वर्गणीचं वाचनालय निघालं, आणि पुढे आग विझवणारं पथकही.

याच फ्रँकलिनच्या घरी एके काळी गुलाम होते. त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापून येत. पण हळूहळू त्याचं मत पालटलं. म्हातारपणी तो गुलामगिरी-विरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. १७९० साली, वयाच्या ८४ व्या वर्षी, मृत्यूच्या दोनच महिने आधी, त्याने गुलामगिरी बंद करावी असा अर्ज संसदेकडे पाठवला. संसदेने तो बाजूला ठेवला. पण म्हातारपणी 'माझं चुकलं होतं' म्हणणं, हे वादळात पतंग उडवण्यापेक्षा कमी धाडसाचं आहे का? तुम्हीच सांगा.

पुण्याशी नातं

दुपारी आम्ही जुन्या बाजारात जेवलो. रेल्वे स्टेशनाच्या छपराखाली १८९३ पासून भरणारा हा बाजार. गाठ मारल्यासारखा वळलेला खारा पाव चिऊला फार आवडतो. तिथे आमिश लोकांची दुकानं आहेत. पुरुषांना दाढ्या, बायकांच्या डोक्यावर टोप्या, घरी घोडागाडी. पेनने सर्व पंथांना थारा दिला, त्यामुळे त्यांचे पूर्वज इकडे आले. शेजारच्याच दुकानात कृष्णवर्णीय आजीबाई तळलेली कोंबडी विकत होत्या, त्यांच्या पलीकडे चिनी शेवया. एका छपराखाली एवढी भाषांची भेळ!

पाव खाताखाता मी चिऊला एक गंमत सांगितली. १७७६ च्या जानेवारीत थॉमस पेन नावाच्या माणसाने इथे एक छोटं पुस्तक छापलं. राजा कशाला हवा, असा त्यात सवाल होता. भाषा इतकी साधी, की गाड्या हाकणाऱ्यांनाही कळावी. (हा पेन वेगळा, शहर वसवणारा वेगळा.) पुढे त्याने मानवाच्या हक्कांवर आणखी एक पुस्तक लिहिलं. ते समुद्रापलीकडे पुण्यात एका माळ्याच्या तरुण मुलाच्या हाती पडलं. त्याचं नाव जोतीराव फुले!

"आणि मग त्यांनी बुक लिहून अमेरिकेला परत पाठवलं." चिऊ म्हणाली.

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. खरंच की! इथून गेलेले विचार अर्पणपत्रिका होऊन परत आले होते.

आणखी एक धागा आहे. याच शहरातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी शिकल्या. नऊवारी नेसणारी ही मुलगी अठराव्या वर्षी एकटीने बोटीचा प्रवास करून आली. ११ मार्च १८८६ ला ती डॉक्टर झाली, तेव्हा एकविसावं वर्ष पुरं व्हायला वीस दिवस बाकी होते. १८८५ सालचा एक फोटो चिऊने मला घरी संगणकावर दाखवला. मधे ना कोणी मडम, ना साहेब. आपल्या आनंदीबाई, एक जपानची आणि एक सीरियाची अशा तीन विद्यार्थिनी, आपापल्या देशाच्या पोशाखात! आनंदीबाई परत आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेतल्या स्नेह्यांकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी त्यांचं स्मारक आहे. बरं का, आनंदीबाईंबरोबर डॉक्टर झालेल्या अमेरिकन बायकांना त्या वेळी देशभर मत देण्याचा हक्क नव्हता. तो मिळाला १९२० साली. म्हणजे त्या बंद खोलीतल्या कागदाची दुरुस्ती पुढे चालूच राहिली होती.

पुढचा तास

जून महिन्यात मी परत आले. आठवडी बाजारात तो मुलगा मला भेटला. वडिलांबरोबर कांदे घेऊन बसला होता. मी पोत्याशेजारी उकिडवी बसले आणि म्हटलं, "तुझं उत्तर आणलंय."

मी त्याला सांगितलं, अमेरिका म्हणजे काही एक माणूस नव्हे. कोंडणारेही तिथलेच होते आणि 'दार उघडा' म्हणून ओरडणारेही तिथलेच. फ्रँकलिनसारखे आधी इकडे आणि मग तिकडे गेलेलेही होते. आणि ओना जजसारखे, कोणी दार उघडायची वाट न बघता निघून गेलेले होते. पुढे १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. सहा लाखांहून जास्त सैनिक मेले. गुलामगिरी मोडणाऱ्या बाजूने सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. १८६५ साली घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. मनातला भेदभाव काही तेवढ्याने संपला नाही. त्यासाठी पुढे आणखी शंभर वर्षं झगडावं लागलं. जोतीरावांची शाबासकी ही ज्यांनी त्यागाने ती कुलपं तोडली त्यांना होती.

त्याने कांदे निवडता निवडता सगळं ऐकलं. मग म्हणाला, "बाई, ती घंटा आता नवी का नाही ओतत? त्यांच्याकडे पैसे आहेत की!"

या वेळी मी 'पुढच्या तासाला सांगते' म्हटलं नाही. म्हटलं, "मला वाटतं, नवी ओतली तर ती नुसतीच घंटा होईल. तुला काय वाटतं?"

त्याच महिन्यापासून आमच्या शाळेत शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रश्नांचा कट्टा भरतो. नियम फ्रँकलिनचाच. 'माझंच खरं' म्हणेल त्याला एक चिंचोका दंड. आतापर्यंत सर्वांत जास्त चिंचोके कोणी भरलेत, सांगा बघू? बरोब्बर! बाईंनी.

२०२६ च्या जानेवारीत एका रात्री चिऊचा फोन आला. ती आता कॉलेजात आहे. म्हणाली, "आत्या, ओनाच्या जागेवरचे ते बोर्ड काढून नेले." २०२५ साली तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला होता, की सरकारी स्मारकांवर देशाच्या पूर्वजांना कमीपणा आणणारा मजकूर नसावा, देशाची थोरवी सांगावी. त्यानंतर गुलामगिरीचे ते फलक काढले गेले. फिलाडेल्फिया शहराने कोर्टात धाव घेतली. काही लोक म्हणतात, सारखे दोषच काय उगाळायचे? मुलांना देशाचा अभिमान कसा वाटेल? दुसरे म्हणतात, जे घडलं ते झाकून ठेवलेला अभिमान काय कामाचा?

चिऊ रागावली होती. मी तिला विचारलं, "घंटा तिथेच आहे ना?"

"आहे."

"तडा?"

"तोही आहे. तो कुठे जाणार?"

मुलांनो, त्या शुक्रवारी आमच्या कट्ट्यावर हाच प्रश्न होता. एक मुलगी म्हणाली, आमच्या घरी आजोबांच्या फोटोला हार घालतात, पण आजोबा आजीला मारायचे हे कोणी सांगत नाही, आजीच एकदा बोलली. वर्ग एकदम शांत झाला. कोणी हसलं नाही. मला वाटतं, त्या दिवशी कट्टा खरा भरला.

आता तुमची पाळी. आज रात्री जेवताना घरातल्या मोठ्यांना विचारा, आपल्या गावात पूर्वी पाणवठे किती होते? कोणाला देवळात जाता येत नव्हतं? शाळेत कोणाला बाहेर बसवायचे? आणि ते बदललं कोणी? मोठ्या माणसांनो, तुम्हालाही एक विनंती. 'पुढच्या तासाला' म्हणू नका. येत असेल तेवढं सांगा. येत नसेल तर तसं सांगा आणि मुलांबरोबर शोधायला बसा.

उत्तर मिळालं की वहीत लिहून ठेवा. शुक्रवारी आणा. चिंचोके तयार ठेवते.